तबला, गिटार आणि लंडनची सोळा वर्षं

पश्चिम लंडनमध्ये हॉलंड पार्कजवळ लॅन्सडाउन रोडवर चित्रकारांसाठी बांधलेली एक जुनी इमारत आहे. तिच्या तळघरात डेनिस प्रेस्टन या निर्मात्याचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होता. प्रेस्टन स्वतंत्रपणे संगीत मुद्रित करी आणि तयार फिती मोठ्या कंपन्यांना देई. ईएमआयच्या कोलंबिया या नाममुद्रेखाली 'लॅन्सडाउन मालिका' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या त्यातूनच निघाल्या. १९६९ साली या मालिकेत दोन अशा तबकड्या आल्या, की त्यांच्या वेष्टनावरची रचनांची यादी वाचून मराठी माणूस जागीच थबकावा. एकीवर 'गँजिस', 'जयपूर', 'महाराणी'. दुसरीवर 'बॅलड फॉर गोवा', पुन्हा 'जयपूर', आणि तबकडीचं नावच 'हम दोनो'. दोन्हींवर गिटार वाजवणारा माणूस मुंबईत जन्मलेला गोवेकर होता, अमांसियो डिसिल्वा.

याच काळात, याच शहरात आणखी एक मुंबईकर स्टुडिओमागून स्टुडिओत तबला घेऊन जात होता. केशव साठे. जॅझच्या तबकड्या, जर्मनीत मुद्रित झालेले प्रयोग, हिप्पी काळातलं लोकसंगीत, आणि शेवटी ब्लूजच्या मुशीतून घडलेल्या जॉन रेनबॉर्न या थोर इंग्लिश गिटारवादकाचा वाद्यवृंद, अशा सगळ्या ठिकाणी त्यांचं नाव सापडतं.

१९६६ ते १९८२ या काळातली ही हकिगत पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात सतार आणि बीटल्स यांच्या नावाने सांगितली जाते. मराठी संगीताच्या इतिहासात ती जवळजवळ सांगितलीच जात नाही. ती आपली आहे, असं मला मनापासून वाटतं. दोन परक्या संगीतांची गाठ घालण्याचं काम या लोकांनी ज्या समजुतीने केलं, ती समजूत मुंबई-गोव्याच्या मातीत घडली होती.

आधी लंडनकडे पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांचं गाणं म्हणजे ब्लूज. ते इंग्लंडात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. बिग बिल ब्रूंझी हा गायक-गिटारवादक १९५१ मध्ये तिथे गाऊन गेला. १९५८ मध्ये मडी वॉटर्स विजेवर चालणारी गिटार घेऊन आला, आणि लोकगीतांच्या मंद सुरांची सवय असलेल्या श्रोत्यांना त्या आवाजाचा धक्का बसला. या दोघांच्या आणि त्यांच्या तबकड्यांच्या नादाने तरुण इंग्लिश मुलांची एक पिढी गिटारकडे वळली. त्यातला सर्वांत धाडसी होता डेव्ही ग्रॅहम. वडील स्कॉटिश, आई गयानाची. तो मोरोक्कोत भटकला, अरबी ऊदवादन ऐकलं, भारतीय संगीत ऐकलं आणि गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांत लावायला लागला. तशा लावलेल्या तारांतून षड्ज-पंचमाचा अखंड नाद मागे चालू राहतो आणि पुढे धून खेळते, तानपुऱ्याशी नातं सांगणारी रचना. १९६५ ची त्याची 'फोक, ब्लूज अँड बियाँड' ही तबकडी आणि १९६८ मधली त्याची 'ब्लू रागा' ही रचना पाहिली, की तो कुठल्या दिशेने निघाला होता ते कळतं.

ही दिशा त्याला उगाच सुचली नव्हती. आपल्या कानाने ब्लूज ऐकणाऱ्याला त्याचं कारण लवकर सापडतं. ब्लूजची नेहमीची बांधणी बारा बारची असते, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे एका कडव्याच्या अठ्ठेचाळीस मात्रा होतात. त्यांचे तीन समान भाग पडतात. पहिली ओळ, बहुधा तीच पुन्हा म्हटलेली दुसरी ओळ, आणि मग उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, म्हणजे त्रितालाचं एक पूर्ण आवर्तन. पाचव्या आणि नवव्या बारला जिथे हार्मनीचा आधारस्वर बदलतो, तिथे त्रितालाची समच येते. तबलजीला ब्लूज परका वाटू नये, याची सोय त्या रचनेतच आहे.

स्वरांचंही तसंच. ब्लूज गिटारवादकांची सर्वांत लाडकी पाच स्वरांची मालिका म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे धानी रागाचे स्वर हेच. ब्लूजमधला तो हुरहुर लावणारा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो, आणि तो काढायला वादक तार बोटाने खेचतो. जोग रागात दोन्ही गंधार एकमेकांना भेटतात तेव्हा जे होतं, त्याची ज्याला सवय आहे, त्याला ब्लूजची ती खेच समजावून सांगावी लागत नाही. अर्थात साम्य इथेच थांबतं. ब्लूजला हार्मनीची पायरी बदलावी लागते, रागाला एकाच षड्जाशी इमान राखावं लागतं. दोन्ही संगीतं एकत्र वाजवणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागला, आणि त्याची उत्तरं वेगवेगळी निघाली.

मुंबईच्या बाजूची तयारी त्याहून जुनी होती. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या संगीतशाळांत मुलं स्वरलिपी वाचायला शिकत, व्हायोलिन धरायला शिकत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत, पलटणींच्या बँडमध्ये, पुढे हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत रुजली. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, तेव्हापासून या शहरातल्या गोवेकर वादकांना जॅझ आणि ब्लूज थेट त्या संगीताच्या घरच्या माणसांकडून ऐकायला मिळालं. आंतोनियो व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगची छाप घेऊन वाजवत आणि संगीतकार सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याच लकबी मिसळत. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा हे वाद्यवृंद-रचनाकार रागावर बांधलेल्या चालीला पाश्चात्त्य हार्मनीची जोड कशी द्यायची, हा प्रश्न रोज सोडवत होते. लंडनमध्ये जे साठच्या दशकात नवलाईचं मानलं गेलं, ते मुंबईच्या स्टुडिओत पोटापाण्याचं काम होतं.

१९३६ साली जन्मलेले अमांसियो डिसिल्वा याच जगात वाढले. देशातल्या शहरांत आणि थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांत ते गिटार वाजवत. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांना आश्रय दिला, उत्तम गिटार मिळवून दिली. 'महाराणी' आणि 'जयपूर' या रचनांची नावं त्या ऋणातून आली आहेत. १९६७ च्या सुमारास ते आयरिश पत्नी आणि मुलांसह लंडनला स्थायिक झाले.

केशव साठे त्यांच्या आधी दहा-अकरा वर्षं तिथे पोचले होते. १९२८ साली मुंबईत जन्मलेले साठे पन्नासच्या दशकाच्या मध्याला लंडनला गेले. तेव्हा तिथे भारतीय वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना एकत्र आणणारी जागा होती 'एशियन म्युझिक सर्कल'. कर्नाटकातून आलेले आयना अंगडी आणि त्यांच्या इंग्लिश पत्नी पॅट्रिशिया ही संस्था उत्तर लंडनमधल्या आपल्या घरून चालवत. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन यांचा तिला पाठिंबा होता. कुणाला सतार शिकायची असो, तबलजी हवा असो, फोन अंगडींच्या घरी येई.

असाच एक फोन १९६६ च्या एप्रिलमध्ये आला. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला आपल्या नव्या गाण्यासाठी तबला हवा होता. अंगडींनी अनिल भागवत या तरुणाला पाठवलं. ११ एप्रिलला ॲबी रोडवरच्या स्टुडिओत 'लव्ह यू टू' मुद्रित झालं, आणि ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' बाजारात आली तेव्हा तिच्या वेष्टनावर भागवतांचं नाव छापलेलं होतं. पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर' मधल्या हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा, तबला, तानपुरा वाजवणाऱ्या लंडनवासी भारतीयांची नावं मात्र वेष्टनावर आली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही नावं जगाला कळायला जवळपास पन्नास वर्षं गेली. जगात सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी एकीवर वाजवून ही माणसं अनामिक राहिली. साथीदाराचं नाव छापणं ही लहान गोष्ट नाही, याचा याहून मोठा पुरावा नको.

याच सुमारास लॅन्सडाउनच्या तळघरात वेगळंच काही शिजत होतं. कलकत्त्यात जन्मलेले अँग्लो-इंडियन व्हायोलिनवादक जॉन मेयर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर लंडनला आले होते. तिथल्या मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत ते नोकरी करत आणि फावल्या वेळात रागांवर आधारित पाश्चात्त्य रचना लिहीत. प्रेस्टनने त्यांची गाठ जो हॅरियट या जमैकाच्या अल्टो सॅक्सोफोनवादकाशी घालून दिली. हॅरियट म्हणजे साधा माणूस नव्हे. किंग्स्टनच्या अनाथाश्रमशाळेत संगीत शिकून तो १९५१ मध्ये इंग्लंडला आला आणि १९६० च्या आसपास ठरलेल्या हार्मनीशिवाय जॅझ वाजवण्याचा स्वतःचा रस्ता त्याने शोधून काढला होता.

या दोघांनी 'दुहेरी पंचक' बांधलं. एका बाजूला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास आणि ड्रम. दुसऱ्या बाजूला मेयर यांचं व्हायोलिन, दिवाण मोतीहार यांची सतार, बासरी, तानपुरा आणि केशव साठे यांचा तबला. १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ सुइट' निघाली. तिच्यातल्या दोन रचना मेघ आणि गौडसारंग या रागांवर बेतलेल्या. १९६७ आणि १९६८ मध्ये 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' चे दोन भाग आले. पहिल्या भागातली 'आका रागा' पुढे बीबीसीच्या 'आस्क द फॅमिली' या प्रश्नमंजुषेची शीर्षकधून झाली आणि इंग्लंडातल्या घराघरांत पोचली.

या तबकड्या आज ऐकताना मेयर यांची शिस्त जाणवते. त्यांनी जवळजवळ सगळं लिहून काढलं होतं. राग कुठे सुरू होतो, जॅझवाल्यांनी कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, हे आखलेलं. त्यामुळे दोन पंचकं समोरासमोर बसून एकमेकांना जागा करून देतात, पण सीमारेषा राहते. ती रेषा ओलांडू शकणारा वादक त्यांच्यात एकच होता, तो म्हणजे तबलजी. सतारीने आपला राग सोडला नाही, सॅक्सोफोनने आपला बाज सोडला नाही. साठे मात्र ड्रमवाल्याच्या चालीलाही धरून राहिले आणि सतारीच्या लयकारीलाही. ते बोल मोजकेच टाकतात. जिथे ड्रम भरलेला आहे तिथे तबला मागे घेतात, आणि जागा मोकळी झाली की पुढे येतात. मैफलीत पाहुण्या गायकाबरोबर बसलेला चांगला साथीदार हेच करतो.

दोन संगीतांची गाठ घालण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल. दोघे शेजारी बसले, आणि मधे दुवा होता तबला. दुसरी पायरी डिसिल्वांनी गाठली. ती मला सर्वांत मोलाची वाटते.

'इंटिग्रेशन' या त्यांच्या पहिल्या तबकडीत त्यांच्याबरोबर डॉन रेंडेल सॅक्सोफोनवर, इयन कार ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्नवर, डेव्ह ग्रीन बासवर आणि ट्रेव्हर टॉम्किन्स ड्रमवर होते. रेंडेल आणि कार यांचं पंचक त्या वेळी ब्रिटनमधल्या सर्वांत नावाजलेल्या जॅझ संचांपैकी एक होतं. त्या पंचकात एरवी पियानो असे. इथे पियानोची खुर्ची रिकामी राहिली आणि गिटार आली. हा बदल दिसायला साधा, पण त्याने सगळं वळण बदललं. पियानो प्रत्येक क्षणी हार्मनी भरत राहतो. डिसिल्वांची गिटार तसं करत नाही. 'गँजिस' मध्ये ती एका स्वराभोवती घोळत राहते, मुख्य तारेवरची धून चालू असताना खालच्या तारा गुंजत ठेवते, आणि मग अचानक वेगवान जॅझची तान घेऊन निसटते. या तबकडीवर सतार नाही, तबलाही नाही. भारतीयपणा आणण्यासाठी एकही भारतीय वाद्य लागलेलं नाही, कारण तो वादकाच्या बोटांत आहे. गोव्याच्या घरातली पाश्चात्त्य स्वरांची सवय, मुंबईत कानावर पडलेलं सगळं, आणि तबकड्यांतून शिकलेला अमेरिकन जॅझ, हे त्यांच्यात वेगवेगळे कप्पे करून राहत नव्हते.

त्याच वर्षीच्या 'हम दोनो' मध्ये प्रेस्टनने डिसिल्वा आणि जो हॅरियट यांना एकत्र बसवलं. जोडीला इयन कार, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ब्रायन स्प्रिंग, आणि नॉर्मा विन्स्टन ही तेव्हा नुकती पुढे येत असलेली गायिका. तिने शब्दांशिवाय गायलं, आकारात, एखाद्या वाद्यासारखं. 'स्टेफानोज डान्स' ही डिसिल्वांच्या मुलाच्या नावाची रचना. 'बॅलड फॉर गोवा' संथ आहे, आणि तिच्यात हॅरियटच्या सॅक्सोफोनवर ब्लूजची सावली स्पष्ट पडते. 'जयपूर' दोन्ही तबकड्यांवर आहे. दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकली की एकाच रचनेकडे डिसिल्वा किती मोकळ्या मनाने पाहत होते, ते कळतं.

या भेटीचं एक मोल तेव्हा कुणी मोजलं नसेल. जमैकाचा माणूस आणि गोव्याचा माणूस, दोघेही साम्राज्याच्या दोन टोकांहून लंडनला आलेले. एकावर इंग्रजांच्या राज्याचा ठसा, दुसऱ्याच्या मूळ गावावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य. मेयर यांच्या तबकड्यांत जॅझ आणि भारत यांची भेट एका आराखड्यानुसार झाली होती. इथे दोन माणसं भेटली. हॅरियट आयुष्याच्या उत्तरार्धात हलाखीत दिवस काढत होता. 'हम दोनो' नंतर त्याच्या हातून फारसं मुद्रण झालं नाही. २ जानेवारी १९७३ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो कर्करोगाने गेला. त्याच्या शेवटच्या महत्त्वाच्या कामाला गोव्याच्या गिटारीची साथ होती, ही गोष्ट मराठी-कोकणी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

लंडनमध्ये हे घडत असताना मुंबईही स्वस्थ नव्हती. १९६७ च्या सुमारास एचएमव्हीचे अधिकारी आणि मराठी भावगीताचे अध्वर्यू गो. ना. जोशी यांच्या देखरेखीखाली 'कॉल ऑफ द व्हॅली' मुद्रित झाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवलेल्या गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. ब्लूजवाले काचेच्या किंवा धातूच्या नळीने तारेवर घसरत जे साधतात, ते काब्रांनी मींडेच्या रूपात रागदारीत आणलं. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल' आली. रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम, रमाकांत यांचा तबला, आणि विजेच्या गिटारवर अनिबल कास्त्रो आणि दिलीप नाईक. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग तिच्यात आहेत. डिसिल्वा मुंबईतच राहिले असते तर कदाचित या यादीत त्यांचंही नाव असतं. ते गेले म्हणून त्यांना स्वतःच्या नावाची तबकडी मिळाली. मुंबईच्या स्टुडिओत त्यांच्या तोडीचे वादक आयुष्यभर पडद्यामागे राहिले.

आता पुन्हा केशव साठे यांच्याकडे वळू, कारण तिसरी पायरी त्यांच्या वाटचालीत दिसते.

ऑक्टोबर १९६७ मध्ये जर्मनीतल्या व्हिलिंगेन गावी, ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात, समीक्षक आणि निर्माता योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट याने 'जॅझ मीट्स इंडिया' मुद्रित केली. दिवाण मोतीहार, केशव साठे आणि तानपुऱ्यावर कुसुम ठाकूर या त्रयीची गाठ स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्सर हिच्या त्रयीशी घातली गेली. ट्रम्पेटवर मानफ्रेड शूफ, सॅक्सोफोनवर बार्नी विलन. हे युरोपियन वादक मुक्त जॅझचे, म्हणजे ठरलेली लयही न मानणारे. एका रचनेच्या नावात तिथल्या ब्रिगाख नदीची गंगेशी जोडी लावली आहे. इथे साठे यांच्यासमोर नवा पेच होता. ज्यांना सम हवीच असं नाही, त्यांच्यासोबत ठेका कसा धरायचा? त्यांनी ठेका सोडला नाही. ड्रमवाला मानी नॉयमायर उधळला तरी तबला आपली सम सांगत राहिला, आणि त्यामुळेच त्या गदारोळाला कणा मिळाला. नॉयमायर आणि बासवादक उली त्रेप्ते यांनी वर्षभरात 'गुरू गुरू' नावाचा जर्मन रॉक बँड काढला.

१९७२ मध्ये साठे 'मॅजिक कार्पेट' या लंडनच्या छोट्या संचात होते. क्लेम ॲल्फर्ड सतारीवर, अलीशा सूफित गायनाला आणि गिटारवर, जिम मोयस गिटारवर. त्या एकाच तबकडीत इंग्लिश लोकगीताच्या वळणाची गाणी आणि सतार-तबला इतक्या सहजतेने नांदतात, की पुढे दोन-तीन दशकांनी संग्राहक ती शोधत फिरू लागले.

आणि मग जॉन रेनबॉर्न. १९४४ साली जन्मलेल्या रेनबॉर्नने तरुणपणी ब्रूंझी आणि जॉश व्हाइट यांच्या ब्लूजवर गिटारचा हात बसवला होता. १९६५ मध्ये त्याने डॉरिस हेंडरसन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेबरोबर तबकडी काढली. १९६७ मध्ये बर्ट जान्श, जॅकी मॅक्शी, डॅनी थॉम्पसन आणि टेरी कॉक्स यांच्यासह 'पेंटँगल' हा संच उभा केला, ज्यात लोकगीत, ब्लूज आणि जॅझ एका ताटात आले. रेनबॉर्न स्वतः त्या संचाच्या मुद्रणात सतारही वाजवत असे. पेंटँगल फुटल्यावर त्याने स्वतःचा वाद्यवृंद बांधला. त्यात मॅक्शीचा आवाज, टोनी रॉबर्ट्सच्या बासऱ्या, कॅलिफोर्नियाच्या सू ड्राहाइमचं फिडल, आणि तबल्यावर केशव साठे. १९७७ मध्ये 'अ मेड इन बेडलम' आली, १९८० मध्ये 'द एन्चँटेड गार्डन'. त्यानंतर अमेरिकेच्या दौऱ्यातली मैफल 'लाइव्ह इन अमेरिका' या नावाने निघाली आणि तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

या तबकड्यांत 'भारतीय' म्हणून मिरवणारं काहीच नाही. आहेत ती इंग्लंडची जुनी लोकगीतं, युरोपची प्रबोधनकाळातली नृत्यं. त्या नृत्यांत मुळात छोटे हातढोल वाजत, आणि ती जागा तबल्याने घेतली. ऐकणाऱ्याला वाटतं, हा ताल इथेच हवा होता. पहिल्या पायरीवर तबला हा पाहुणा होता. तिसऱ्या पायरीवर तो घरचा झाला. साठे यांनी यासाठी आपलं वादन पातळ केलं नाही. डग्ग्याचा घुमारा, चाटेची स्वच्छता, बोलांची सफाई सगळं तेच आहे. ब्लूजवर पोसलेल्या बोटांनी रेनबॉर्न जुनी इंग्लिश धून वाजवतो आणि मुंबईचा तबलजी तिला सम दाखवतो, हे दृश्य त्या काळाने घडवलेल्या सर्वांत शांत आणि सर्वांत पक्क्या मैत्रीचं आहे.

डिसिल्वांच्या वाट्याला इतकं स्थैर्य आलं नाही. १९७१ मध्ये त्यांची 'रिफ्लेक्शन्स' निघाली, १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या संचाच्या नावाने 'ड्रीम सीक्वेन्स'. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक तबकडी मुद्रित केली, तिचं नाव 'कोंकण डान्स'. तिच्यात मुंबईच्या एका रस्त्यावरची रचना आहे, मुलीच्या नावाची आहे, आणि कोकणच्या नावाची. ही फीत कपाटात पडून राहिली. १९९६ मध्ये डिसिल्वा लंडनमध्ये वारले तेव्हाही ती बाहेर आली नव्हती. ती प्रसिद्ध झाली २००६ मध्ये, मुद्रणानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने. केशव साठे २०१२ मध्ये गेले, रेनबॉर्न २०१५ मध्ये.

हैदराबादमध्ये राहून हे सगळं लिहिताना मला आपल्या शहराचा एक धागा सोडवत नाही. राजपुत्र मुअज्जम जाह यांच्या मैफलींत तरुणपणी गायलेले इथले थोर गझलगायक विठ्ठलराव २०१५ मध्ये गेले. त्यांच्याकडे गझल शिकायला कॅनडात वाढलेली किरण अहलुवालिया इथे येऊन राहिली. पुढे २०११ मध्ये तिने 'आम जमीन' ही तबकडी काढली. तिच्यावर सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा 'तिनारिवेन' हा संच वाजवतो. त्यांच्या गिटारींना जग वाळवंटी ब्लूज म्हणतं. त्या तबकडीला कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला. हैदराबादची गझल आणि आफ्रिकेची गिटार यांची ही गाठ, लॅन्सडाउनच्या तळघरात सुरू झालेल्या कामाचीच पुढची पायरी. प्रत्येक वेळी ती शक्य झाली कारण एका बाजूला गुरूकडे बसून पक्कं शिकलेलं काहीतरी होतं. साठे यांचा ठेका कच्चा असता तर व्हिलिंगेनचा गदारोळ गदारोळच राहिला असता.

परमुलखात राहून आपली भाषा, आपलं गाणं टिकवणं म्हणजे काय, हे हैदराबादच्या मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. जामबागेतली विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था १९०७ पासून तेच काम करत आली आहे. चारी बाजूंना उर्दू आणि तेलुगू, आणि मधे मराठी शाळा. आपण टिकलो ते दारं बंद करून नव्हे. शेजाऱ्याची भाषा बोलत, त्याचं गाणं ऐकत, आणि घरी आपलं वाजवत टिकलो. म्हणून साठे आणि डिसिल्वा यांची गोष्ट इथे सांगायला मला जामबागेहून योग्य जागा दिसत नाही.

मराठी संगीताच्या इतिहासात बालगंधर्व आहेत, घराणी आहेत, भावगीत आहे. त्यात आता या माणसांसाठी पानं हवीत. एखाद्या संध्याकाळी एखाद्या मराठी संस्थेने 'इंडो-जॅझ सुइट', 'हम दोनो', 'रागा-जॅझ स्टाइल' आणि 'अ मेड इन बेडलम' या तबकड्या याच क्रमाने ऐकवाव्यात, आणि प्रत्येक रचनेआधी वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव वाचून दाखवावं, तबलजीचं आणि तानपुरेवाल्याचंही. परदेशी गेलेल्या मराठी आणि गोवेकर वादकांच्या कुटुंबांकडे असलेली छायाचित्रं, करारपत्रं, घरगुती फिती आपल्या ग्रंथालयांनी आजच मागून घ्याव्यात, कारण ती पिढी संपत आली आहे. 'सार्जंट पेपर'च्या चार वादकांना पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. आपल्या माणसांची नावं आपणच वेळेत लिहून ठेवली, तर पुढच्या मराठी श्रोत्याला ती परदेशी संग्राहकांच्या यादीत शोधावी लागणार नाहीत.